खरडलेलं आकाश

दादा,

तुझी तेरवी आटोपली. पाहुणे पांगले, मांडवाचे बांबू ज्याचे त्याच्याकडे परत गेले, आणि मी अजून लाखनीतच आहे. लोक भेटायला येतात, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात. मी मान हलवते खरी, पण माझं लक्ष त्यांच्या बोलण्यात नसतं. मी त्यांच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत असते. तिथे तुझा तो फोटो आहे, तलावावरच्या दारूकामाचा. वर फुटलेले बाण, खाली पाण्यात त्यांची पडछाया, मागे डोंगराची काळी रेघ. बघणारे म्हणतात, आकाश किती स्वच्छ आलं आहे. ते आकाश मी स्वच्छ केलं, दादा. त्यातले तारे मी ब्लेडने खरडून काढले. हे तुला ठाऊक होतं की नव्हतं, एवढं मला तुला विचारायचं होतं, आणि आठ वर्षांत मला ते जमलं नाही.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुझ्याशी भांडल्याशिवाय मला कधी धड बोलताच आलं नाही, तेव्हा आजही तू ऐकून घे.

बाबांच्या किराणा दुकानाचा अर्धा भाग मागून घेऊन तू स्टुडिओ काढलास, तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. दुपारी झोपते म्हणून आई कावायची. तू म्हणालास, हिला माझ्याकडे दे, हिची नजर बारीक आहे. मग खिडकीपाशी तो उतरता डेस्क आला, वर दुधी काच, खाली आरसा. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, आरशातून उजेड खालून वर यायचा, आणि मी डोळ्याला भिंग लावून सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने माणसांचे चेहरे दुरुस्त करायची. त्या काळात लग्नाच्या किती मुलींच्या गालावर देवीचे वण असायचे! एकेक वण मी भरून काढायची, आणि तू आल्यागेल्याला सांगायचास, "अर्ध्या लाखनीच्या सोयरिकी या बाईच्या पेन्सिलीनं जमल्या." मला राग यायचा, आणि आतून बरंही वाटायचं.

आपलं खरं भांडण धुळीवरून होतं. हायवेवरून ट्रक गेला की दुकानात धूळ यायची, आणि तू ओली फिल्म नेमकी पुढच्या खोलीत वाळत घालायचास.

"दादा, मागच्या खोलीत टांग न फिल्म. सारी धूळ चिपकून राहिली."

"मागं ओल आहे वं. दोन दोन दिवस वाळत नाही तिथं."

"मंग मले कायले बसवलं? तुह्या धुळीची झाडलोट कराले?"

"त्याच्याचसाठी तं बसवलं तुले."

ओल्या फिल्मवर बसलेला कण वाळल्यावर तिथेच रुततो. काचेवर तो काळा ठिपका दिसतो आणि फोटोत पांढरा उमटतो. असा ठिपका ब्लेडच्या टोकाने अलगद खरडायचा, खालचा थर फाटू द्यायचा नाही, हे मला तूच शिकवलंस. आणि डेस्कवरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये जी निगेटिव्ह असेल ती साफ करायची, विचारत बसायचं नाही, हा नियमही तुझाच.

आणीबाणी उठली त्या सालची दिवाळी होती. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया, म्हणजे नाच-नाटकांच्या जत्रा, भरतात, आज या गावची, उद्या त्या गावची. सानगडीच्या पलीकडे तीन बाजूंनी डोंगर असलेला तो तलाव, त्याच्या काठच्या गावाने त्या वर्षी ठरवलं की मंडईच्या सांजेला दारूकाम डोंग्यांतून उडवायचं. मासे धरणाऱ्या ढिवरांचे लाकडी डोंगे पाण्याच्या मध्यावर जाऊन उभे राहणार आणि तिथून बाण सुटणार. ही बातमी ऐकल्यापासून तुझा पाय जमिनीवर ठरेना. शाळेत तुला विज्ञान शिकवणारे गुरुजी तेव्हा रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसत. तुमचं दोघांचं काहीतरी कुजबुजणं चालायचं आणि मी आले की थांबायचं. मला वाटलं, माझ्या लग्नाचं बोलत असाल. मला तू एवढंच सांगितलंस की दारूकामाचे फोटो काढायला जातो आहे.

तुम्ही कुजबुजत होतात ते हे होतं, की अमावास्या नुकतीच सरलेली, तिथे विजेचा दिवा नाही, तर बाण विझल्यावरही कॅमेरा थोडा वेळ तसाच उघडा ठेवायचा, म्हणजे बाणाचा उजेड आणि ताऱ्यांचा उजेड दोन्ही एकाच निगेटिव्हवर येतील. तारे असलेला फोटो भंडारा जिल्ह्यात कोणी काढला नसेल, असं गुरुजी म्हणाले होते म्हणे. हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं, हा माझा तुझ्यावरचा जुना राग आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

तू सकाळच्या पहिल्या एस.टी.ने परत आलास. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. चहाही न घेता अंधाऱ्या खोलीत शिरलास, फिल्म धुतलीस, वाळत घातलीस, आणि दहाच्या सुमारास कारध्याला साक्षगंधाचे फोटो काढायला निघून गेलास. मी डेस्कवर आले तेव्हा ट्रेमध्ये एकच निगेटिव्ह होती. मी ती काचेवर ठेवली आणि कपाळाला हात लावला. बाण छान आले होते, पाणी छान आलं होतं, पण वरची सगळी जागा ठिपक्यांनी भरलेली. शंभर असतील, दीडशे असतील. मी मोठ्याने म्हटलं, "घ्या! सारा हायवे आणून चिपकवला यानं."

मग मी बसले. सकाळ गेली, आईने दोनदा जेवायला हाक मारली, मी उठले नाही. एकेक ठिपका घेतला. एका जागी सहा-सात ठिपके एकमेकांना चिकटून होते. तुझा चिखलाचा अंगठा लागला असेल असं समजून मी ती जागा फार जपून साफ केली. खरं सांगते, एक गोष्ट मला खटकली होती. ते ठिपके गोल नव्हते. सगळे थोडे लांबट, आणि सगळे एकाच बाजूला कललेले. धूळ अशी एकसारखी कलत नाही, हे मला कळायला हवं होतं. मला वाटलं, ओली फिल्म तू बोटाने पुसली असशील. तुझ्याबद्दल वाईट ते मी नेहमीच पटकन मानायची.

दुपारी तू आलास. निगेटिव्ह उचललीस आणि खिडकीपाशी गेलास. तू बराच वेळ पाठमोरा उभा होतास, हे मला नक्की आठवतं. मी वाट बघत होते, कारण इतकं बारीक काम मी आधी कधी केलं नव्हतं. तू वळलास आणि म्हणालास, "हात साफ झाला वं तुहा." बस्स, एवढंच. त्या दिवशी तू जेवायला आला नाहीस. प्रवासाने थकला असशील, असं आई म्हणाली. मी शाबासकीच्या आनंदात होते.

चार-पाच दिवसांनी गुरुजी आले. मी पडद्यामागे बसून अल्बमचे कोपरे चिकटवत होते.

"काय मनोहर, निघाला का फोटो?"

"निघाला, गुरुजी. पण तारे नाही आले. दारूकामच आलं."

"एकही नाही?"

"एकही नाही."

गुरुजी म्हणाले, "आपल्या कॅमेऱ्याची तेवढी ताकद नसेल, बापा."

"नसेल," तू म्हणालास.

पडद्यामागे माझ्या हातातला कोपरा तसाच राहिला. तारे म्हणजे कोणते तारे, हे मला तेव्हा उमगलं. त्याच क्षणी बाहेर येऊन म्हणायला हवं होतं, की दादा, ते आले होते, मी खरडले. मी नाही आले बाहेर. गुरुजींसमोर लाज वाटली, असं मी स्वतःला सांगितलं. मग ते गेल्यावर सांगू म्हटलं. मग रात्री सांगू म्हटलं. मग माझी सोयरीक जमली आणि तू इतका खुशीत होतास की तुझा विरस करायला जीभ वळेना. मला भीती तुझ्या रागाची नव्हती, दादा. तुझ्या लेखी माझा हात साफ होता, आणि तो तसाच राहावा असं मला वाटत होतं. इतकं साधं आणि इतकं वाईट कारण होतं.

तू तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलास. त्यानंतर तू एकाही मंडईला कॅमेरा घेऊन गेला नाहीस. लग्नं काढलीस, मुंजी काढल्यास, शाळेच्या पोरांचे रांगेतले फोटो काढलेस, पुढे रंगीत रोल आले ते नागपूरला पाठवून धुऊन आणलेस. मला सानगडीला दिलं, तलाव माझ्या घरापासून सायकलने जाण्याजोगा झाला, आणि तरी तू कधी म्हणाला नाहीस की चल, पुन्हा एकदा बघू. मी विचारलं की म्हणायचास, "आपल्या कॅमेऱ्याची ताकद नाही वं तेवढी." हे वाक्य तू हसत म्हणायचास. मला ते दर वेळी लागायचं. जो माणूस कशालाच नाही म्हणत नसे, त्याने स्वतःला असं कमी समजावं, आणि ते माझ्यामुळे, आणि मी गप्प!

एक भाऊबीज तुला आठवत असेल. ओवाळून झालं, जेवण झालं, आणि दिवस बुडता बुडता आपण दोघं तलावाच्या पाळीवर गेलो. तू नुसताच आला होतास, हात हलवत. अंधारत गेलं तसे पूर्वेच्या डोंगरावरून तारे वर येऊ लागले. तू बोट दाखवलंस.

"त्या पाहाय कृत्तिका. सहा-सात जणी एका जागी बसल्या."

"दिसल्या."

"त्या रोजी त्या अशाच होत्या. बाणाच्या थोड्या डावीकडं. फोटोत त्या तिथं याले पाहिजे होत्या."

तू हे म्हणून माझ्याकडे पाहिलंस. की पाण्याकडे पाहिलंस? आता मी किती आठवून पाहिलं तरी मला ते धड दिसत नाही. त्या सहा-सात जणी मी तुझ्या अंगठ्याचा चिखल म्हणून काढल्या होत्या, आणि तू अगदी नेमकं त्यांचंच नाव घेतलंस. त्यात टोमणा होता की तू सहज बोललास? मी तोंड उघडलं होतं, दादा. "दादा, तो फोटो..." इतकं माझ्या तोंडून निघालंही. तू म्हणालास, "थंडी पडून राहिली, चाल घरी." तू मला थांबवलंस का? की तुला खरंच थंडी वाजत होती?

तू गेलास त्या दिवसापासून मी हेच उलटंपालटं करते आहे. एकदा वाटतं, तुला ठाऊक नसणं शक्यच नाही. खरडलेली निगेटिव्ह उजेडात तिरपी धरली की खरडलेल्या जागा खरबरीत दिसतात, हे तूच मला शिकवलंस. तू खिडकीपाशी इतका वेळ उभा होतास तो काय बघत होतास? मग वाटतं, ठाऊक असतं तर तू ओरडला असतास. माझी पेन्सिल हरवली तरी तू घर डोक्यावर घ्यायचास. मग वाटतं, ओरडला नाहीस म्हणजेच राग फार मोठा होता. मग वाटतं, तू मला माफ केलंस. मग वाटतं, ज्याने मला काही सांगितलंच नाही त्याची माफी मी आपल्या मनाने घेऊन टाकते आहे, हा कुठला शहाणपणा? आणि मग पुन्हा पहिल्यापासून. शिवाय ती निगेटिव्ह तू ट्रेमध्ये ठेवलीसच का? निगेटिव्हवर पाण्याच्या जागी एक केस चिकटला होता, तेवढाच काढायचा होता का तुला? घाईत ठेवलीस का? यातलं मला एकही कळत नाही.

परवा वहिनी म्हणाली, "ताई, त्यायच्या निगेटिव्ह पाहून घ्या न. ज्यायच्या आहेत त्यायले देऊन टाकू." मी आणि ती मागच्या खोलीत बसलो. किती लग्नं, किती बारशी! कित्येक चेहऱ्यांवर माझी पेन्सिल मला ओळखू आली. मग एका बटरपेपरच्या पुडीत तीन निगेटिव्ह निघाल्या. मी पहिली उजेडात धरली.

तीच सांज होती. तोच तलाव, तेच डोंगर. तिन्हींत बाण वेगळे आणि तिन्हींत वर तारे. सगळे लांबट, सगळे एकाच बाजूला कललेले, कॅमेरा उघडा असताना आभाळ सरकलं तसे. एकीत तर कृत्तिका तू म्हणाला होतास तिथेच, बाणाच्या थोड्या डावीकडे.

त्या रोलची बाकीची पट्टी कुठे आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. तू सगळ्यांत चांगली म्हणून एक कापून माझ्या ट्रेमध्ये ठेवलीस आणि मी त्या एकीलाच सगळं समजून आठ वर्षं झुरत बसले. तारे आले होते. तुझ्या घरात होते. आणि तू गुरुजींना तोंडावर सांगितलंस की एकही नाही.

अंधाऱ्या खोलीत आता निम्म्या जागेत तांदळाची पोती आहेत. पण पासपोर्टच्या फोटोंपुरतं तुझं सामान चालू होतं. मी दार लावून घेतलं. इतक्या वर्षांनी हाताला सवय नव्हती, पहिला कागद वाया गेला. दुसऱ्यावर आधी बाण आले, मग पाणी, आणि मग वरच्या काळ्यात एकेक करून ते. मी रडले, ते तुला सांगायला हरकत नाही.

फोटो ओलाच होता तेव्हा वहिनी चहा घेऊन आली. तिने वाकून पाहिलं.

"अगं बाई, किती धूळ बसली यावर! साफ करून द्या न, ताई. तुमच्यासारखा हात कोणाचा नाही म्हणत ते."

"धूळ नोहे, वहिनी. तारे होत ते."

"पण ते तं म्हणत, तारे आलेच नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. ती चहाचा कप हातात धरून ऐकत राहिली.

"मंग हा फोटो काहून नाही लावला त्यायनं?"

"हा लावला असता तं मले समजलं असतं न, का भिंतीवरचा मी खराब केला. मले समजू नये म्हणून नसल लावला."

वहिनीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पण तुमाले तं माहीतच होतं."

दादा, तिने हे दोष द्यायला म्हटलं नाही. तिला खरंच कळत नव्हतं. मला माहीत होतं; मला माहीत आहे, एवढंच तुला माहीत नव्हतं. मी पडद्यामागून बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते, तर दुसऱ्याच दिवशी तू ही पुडी काढली असतीस आणि हा फोटो भिंतीवर लागला असता. तू मला वाचवत राहिलास त्या गोष्टीपासून, जी मला तू न सांगताच ठाऊक होती. मी मोडला समजत होते तो फोटो माझ्या ब्लेडने मोडलाच नव्हता. तो माझ्या गप्प बसण्याने मोडला.

की असंही नव्हतं? की त्या तीन निगेटिव्ह तू नुसत्या विसरलास? मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही, आणि सांगणारा तू आता नाहीस.

काल गुरुजी भेटायला आले. म्हातारे झाले आहेत, काठी घेऊन येतात. भिंतीवरच्या फोटोखाली बसले आणि सवयीने म्हणाले, "तारे तेवढे नाही आले बिचाऱ्याचे." मी आत गेले, वाळलेला फोटो आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि फोटो उजेडाकडे नेला.

मी म्हटलं, "आले होते, गुरुजी. मनोहरदादानं टिपले होते."